कुंडीतील टोमॅटोची रोपे माना टाकत आहेत. पाणी वाढवावे की थांबवावे?

पश्चिमगॅलरी :

नमस्कार. डोंबिवलीतील आमच्या घराला पश्चिमेकडे उघडणारी एक लांबट गॅलरी आहे आणि तिथे मी टोमॅटोची सहा रोपे कुंड्यांमध्ये लावली आहेत. गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात रोपवाटिकेतून आणलेली ही रोपे दसऱ्यापर्यंत इतकी जोमाने वाढली की आधाराच्या काठ्या दोनदा बदलाव्या लागल्या. आणि आता, फुले येऊन सुपारीएवढी फळे धरू लागली असताना, गेल्या दहा-बारा दिवसांत त्यांतील काहींनी माना टाकायला सुरुवात केली आहे.

कुंड्या प्लॅस्टिकच्या, बारा इंची आहेत. तांबडी माती, कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात घेऊन त्यात मूठ-मूठ निंबोळी पेंड घातली होती. मिश्रण पाच कुंड्यांनाच पुरले, म्हणून सहावी कुंडी घरातल्या जुन्या मातीने भरली. गॅलरीतून पाणी ठिबकले की खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, त्यामुळे प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवली आहे. पाणी रोज सकाळी एक मोठा मग घालत होते. पाने मलूल दिसू लागल्यापासून संध्याकाळीही एक मग घालते.

सगळी रोपे एकाच तऱ्हेने कोमेजत नाहीत, हेच मला कळेनासे झाले आहे. डावीकडची पहिली दोन दुपारी दोन-अडीचच्या सुमारास अगदी गळून जातात आणि रात्री जेवणे आटोपून पाहावे तर पुन्हा ताठ उभी असतात. तिसऱ्या आणि चौथ्या रोपाची पाने दिवसभर खाली झुकलेली असतात व खालची पाने पिवळी पडू लागली आहेत. पाचवे रोप ठणठणीत आहे. सहाव्याची गत मात्र विचित्र झाली. मंगळवारी दुपारी त्याची शेंड्याकडची पाने लोंबली, बुधवारी सकाळीही ती वर आली नाहीत, आणि शुक्रवारपर्यंत सगळे रोप उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे दिसू लागले. तरीही पाने हिरवीच होती. शनिवारी मी ते मातीलगत कापून कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकले.

उरलेल्या पाचांना पाणी आणखी वाढवावे का, की ते एखाद्या रोगाचे लक्षण समजून औषध फवारावे? घरात दोन्ही मतांचे लोक आहेत.

वाफसा :

आपण लक्षणे रोपागणिक वेगळी लिहिलीत हे फार बरे केले, कारण नुसते ‘टोमॅटो सुकतोय’ एवढ्यावर कोणालाही काही सांगता येत नाही. मातीत पाणी नसेल तर पान मान टाकते, मातीत पाणी साचून मुळे गुदमरली असतील तरी पान मान टाकते, आणि मुळे व माती दोन्ही उत्तम असूनही दुपारच्या उन्हात पानांतून उडणारे पाणी मुळांनी ओढलेल्या पाण्यापेक्षा जास्त झाले तरी पान मानच टाकते. वरून दिसणारे चित्र एकच असल्यामुळे आपला हात तिन्ही वेळा झारीकडेच जातो आणि त्यातल्या दुसऱ्या प्रकारात तो हातच रोपाला मारतो. म्हणून संध्याकाळचा मग आजपासून बंद करावा, एवढे मी कुंड्या न पाहताही सांगू शकतो.

पहिल्या दोन रोपांबद्दल मला फारशी काळजी वाटत नाही. दुपारी गळून रात्री आपोआप सावरणारे रोप बहुधा आजारी नसते; उन्हाच्या कडाक्यात ते पाण्याचा खर्च आटोक्यात ठेवत असते. पश्चिमेच्या गॅलरीत ऑक्टोबरमध्ये दुपारी एकपासून सूर्य बुडेपर्यंत थेट ऊन येते, मागची भिंत तापते आणि काळ्या किंवा गडद प्लॅस्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू तर हात लावताच चटका बसेल इतकी गरम होते. त्या बाजूला चिकटलेली कोवळी मुळे निकामी होतात आणि निम्म्याच मुळांवर सगळ्या पानांचा भार पडतो. दुपारपुरती हिरवी जाळी बांधा, कुंड्यांच्या पश्चिम बाजूला पांढरा कपडा किंवा पुठ्ठा लावा, मातीवर दोन बोटे वाळका पाला पसरा. एक गोष्ट विचारायची राहिली. ही दोन रोपे वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या पेटीजवळ तर नाहीत ना? त्या पेटीतून येणारी गरम, कोरडी हवा पानांतले पाणी अक्षरशः शोषून घेते आणि हे कारण कोणाच्या लक्षातच येत नाही.

तिसऱ्या-चौथ्या रोपाचे पान मात्र बोटांत धरून पाहावे. पाण्याअभावी कोमेजलेले पान ओल्या कापडासारखे लुळे लागते. पाणी साचल्यामुळे झुकलेल्या टोमॅटोच्या पानाचा देठ खोडाकडे खाली वळतो, पण पानाचे पाते मात्र बऱ्याच वेळा ताठ आणि भरीव लागते. मुळांना प्राणवायू मिळेनासा झाला की त्यांच्यात तयार होणारे एक द्रव्य खोडातून वर जाते, पानांत त्याचे इथिलीन वायूत रूपांतर होते, आणि त्यामुळे देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढून देठ वाकतो. टोमॅटोत हे लक्षण इतके ठळक असते की एकदा ओळखले की पुन्हा चूक होत नाही.

शेतकरी ‘वाफसा’ म्हणतात ती अवस्था, म्हणजे मातीच्या कणांभोवती ओल आणि कणांमधल्या पोकळीत हवा, ही कुंडीत टिकवणे शेतापेक्षा अवघड असते, कारण कुंडीच्या तळाशी पाण्याचा एक थर नेहमीच अडकून राहतो. तळाला खापऱ्यांचा किंवा खडीचा थर दिला की निचरा सुधारतो ही समजूत सर्वत्र आहे, परंतु पाणी बारीक कणांच्या मातीतून भरड थरात सहज उतरत नाही, त्यामुळे तो अडकलेला थर नुसता वर सरकतो व मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर एखादी खापरी ठेवावी ती फक्त माती वाहून जाऊ नये म्हणून. त्यातून तुमच्या मिश्रणात एक तृतीयांश कोकोपीट आहे. कोकोपीट वरून सुकून फिकट दिसते आणि चार बोटे खाली पिळले तर थेंब गळतील इतके ओले असते. वरचा रंग पाहून पाणी घालणारे सगळे इथेच फसतात. मीही दोन वर्षे फसलो आहे.

तेव्हा अगरबत्तीची काडी किंवा बांबूची सळई कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा आणि कुठवर ओली आहे ते पाहा. कुंडी थोडी तिरकी करून वजनाचाही अंदाज घ्या. ताटलीत पाणी किती वेळ राहते तेही कळवा.

हिरवीगच्ची :

माझ्या रोपांचेही मागच्या वर्षी असेच झाले होते. मी चमचाभर डीएपी पाण्यात विरघळवून घातले आणि वरून एक बुरशीनाशक फवारले, तेव्हा आठवड्यात रोपे तरारली. आपणही करून पाहावे. फुलोऱ्यात रोपाला ताकद लागतेच.

तांबडीमाती :

वरील सल्ला चांगल्या हेतूने दिलेला आहे याविषयी शंका नाही, पण तो या वेळी अमलात आणू नये अशी विनंती आहे. मुळे आधीच गुदमरलेली किंवा सडू लागलेली असतील तर मातीत रासायनिक खताचे क्षार वाढवल्याने मुळांना पाणी ओढणे आणखी कठीण होते, आणि पानांवर फवारलेले बुरशीनाशक बहुतेक वेळा मुळांपर्यंत पोहोचत नाही. हिरवीगच्ची यांची रोपे सावरली ती बहुधा त्याच आठवड्यात ऊन उतरल्यामुळे किंवा पाणी कमी झाल्यामुळे सावरली असावीत.

मी सिंधुदुर्गातला. ताई, तुमचे सहाव्या रोपाचे वर्णन वाचून मी थबकलो, कारण आमच्याकडे वांगी, टोमॅटो आणि मिरची लावणाऱ्या माणसाला हे दृश्य दरवर्षी दिसते. रोप भरात असताना शेंड्याची पाने अचानक लोंबतात, पिवळी पडण्याइतकाही वेळ न मिळता हिरवीच्या हिरवी सुकतात आणि तीन-चार दिवसांत सगळे आटोपते. हा जिवाणूजन्य मर रोग असण्याची शक्यता मोठी आहे. त्याचा जिवाणू, रालस्टोनिया, मातीतून मुळांच्या जखमांवाटे आत शिरतो, खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये वाढतो आणि त्या चिकट द्रवाने बंद करून टाकतो. मातीत पाणी असते, मुळेही बऱ्यापैकी असतात, पण पाणी वर जाण्याची वाटच बुजलेली असते. उष्ण, दमट हवा आणि ओलीगच्च माती त्याला मानवते, म्हणून कोकण, गोवा आणि केरळच्या पट्ट्यात त्याचा जाच अधिक. या जिवाणूचे वर्णन १८९६ साली अमेरिकेत अर्विन स्मिथ यांनी प्रथम केले. त्यानंतर शास्त्रज्ञांनी त्याचे वर्गीकरण अनेकदा बदलले. शेतकऱ्याच्या हाती मात्र, लागण झालेले रोप वाचवील असे औषध आजही नाही.

बुरशीजन्य मर, म्हणजे फ्युजेरियम, याहून सावकाश चालते. तिच्यात आधी खालची पाने पिवळी पडतात, अनेकदा रोपाच्या एकाच बाजूची किंवा एकाच पानाच्या अर्ध्या भागातली, आणि दोन-तीन आठवडे ओढाताण चालते. मातीलगत खोडाभोवती कापसासारखे पांढरे तंतू आणि मोहरीच्या दाण्यांएवढे तपकिरी गोळे दिसले तर ती आणखी निराळी बुरशी, स्क्लेरोशियम. ती खोडाची साल बाहेरून कुजवते.

यांपैकी कोणता प्रकार आहे हे घरच्या घरी पाहता येते. ते रोप तुम्ही ड्रममध्ये टाकले आहे. अजून सडले नसेल तर हातमोजे घालून बाहेर काढा. खोडाच्या बुंध्याकडचा बोटभर लांबीचा तुकडा धारदार सुरीने कापा. आतल्या गराभोवतीचे कडे तपकिरी दिसते का ते आधी पाहून घ्या. मग काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी भरा, पाणी अगदी स्थिर होऊ द्या आणि तुकड्याचा ताजा कापलेला शेवट पाण्यात जेमतेम बुडेल असा तो दोऱ्याने किंवा चिमट्याने टांगून ठेवा. पेल्यामागे काळा कागद धरा. जिवाणूजन्य मर असेल तर पाच-दहा मिनिटांत कापलेल्या भागातून दुधाच्या धारेसारखे बारीक पांढरट धागे सरळ खाली उतरताना दिसतात आणि थोड्या वेळाने पाणी गढूळ होते. बुरशीजन्य मर असेल तर कडे तपकिरी असते, पण पाणी स्वच्छ राहते. तुकडा हलवू नका आणि पेला टेबलावर आपटू नका, नाहीतर धागे मोडतात आणि काहीच कळत नाही.

दुसरे, ड्रमविषयी. भाजीपाल्याचा कचरा कुजवणारा घरगुती ड्रम हा जिवाणू मरेल एवढा तापेलच याची खात्री धरता येत नाही. परीक्षेत धागे दिसले तर त्या ड्रममधले खत टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा यांच्या कुंडीत घालू नका. आणि सहावी कुंडी जुन्या मातीने भरली असे तुम्ही लिहिले आहे; त्या मातीत आधी काय होते?

पश्चिमगॅलरी :

सर्वांचे मनापासून आभार. कालचा रविवार मी आणि माझे सासरे यांनी गॅलरीतच घालवला. त्यांचे मत ‘पाणी वाढवा’ असे होते, त्यामुळे काडीची परीक्षा त्यांच्याच हस्ते केली.

पहिल्या आणि दुसऱ्या कुंडीत काडी वरचे तीन इंच कोरडी आणि त्याखाली साधारण ओली निघाली. वातानुकूलन यंत्राची पेटी आमची नाही, शेजाऱ्यांची आहे, पण ती आमच्या गॅलरीच्या डाव्या कठड्यापासून जेमतेम दीड हातावर आहे आणि गरम झोत नेमका या दोन रोपांवर येतो. त्यांच्याकडे दुपारी लहान मूल झोपते, म्हणून एक ते चार यंत्र चालू असते. दोन्ही कुंड्या उजव्या टोकाला नेऊन ठेवल्या आणि आज दुपारी अडीच वाजता पाहिले तर पाने किंचित सैल होती, लोंबली नव्हती.

तिसऱ्या आणि चौथ्या कुंडीची काडी तळापासून वरपर्यंत ओली, आणि तिला नाक लावताच तुंबलेल्या मोरीचा वास आला. सासऱ्यांनी काही न बोलता झारी आत नेऊन ठेवली. या दोन रोपांची पाने वाफसा यांनी लिहिल्याप्रमाणे देठात वाकलेली आहेत आणि पाते बोटांना भरीव लागते. या कुंड्या कठड्याच्या सावलीत येतात आणि त्यांच्या ताटल्यांत सकाळचे पाणी संध्याकाळपर्यंत तसेच असायचे. चौथी कुंडी तिरकी करून रोप मातीच्या गड्ड्यासकट अलगद बाहेर काढले. वरच्या अर्ध्या भागात मुळे पांढरी होती, खालच्या चार इंचांत तपकिरी झाली होती आणि ओढल्यावर त्यांची साल हातात येऊन आत सुतासारखा धागा उरत होता. तळाच्या चार भोकांपैकी तीन माझ्याच खापऱ्यांनी बुजली होती.

सहाव्या रोपाचे खोड ड्रममध्ये वरच होते. पेल्यात टांगल्यावर पहिली चार मिनिटे काही झाले नाही आणि मी उठणार एवढ्यात कापलेल्या टोकाच्या एका बाजूने, अगरबत्तीचा धूर उलटा खाली जावा तसा, एक पांढरा धागा उतरला. मग दुसरा. पंधरा मिनिटांत पाणी तांदळाच्या धुवणासारखे झाले.

त्या कुंडीतल्या मातीत गेल्या पावसाळ्यात वांगी होती. तीन रोपांपैकी दोन अशीच अचानक वाळली होती आणि आम्ही ते पावसावर ढकलले होते. आणखी एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो. तिसरी कुंडी थोडी रिकामी राहिली होती, म्हणून त्या जुन्या मातीचे दोन-तीन फावडे तीतही घातले होते. सहाव्या कुंडीतली माती उपसली तेव्हा उरलेल्या मुळांवर मणी ओवल्यासारख्या गाठी दिसल्या. त्या कशाच्या असाव्यात?

शिवारातून :

जुन्नर तालुक्यात आमच्या घरी टोमॅटोचे पीक दोन पिढ्यांपासून आहे. कुंडीचा अनुभव कमी, पण गाठींचा भरपूर आहे. नायट्रोजनच्या गाठी शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवर असतात, टोमॅटोच्या मुळांवर त्या कधीच नसतात, त्यामुळे टोमॅटोच्या मुळावर गाठ दिसली की ती सूत्रकृमीचीच समजून चालावे. खात्री करायची असेल तर गाठ नखाने खरवडून पाहा. शेंगवर्गातली गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि सहज सुटते; सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते, ती सुटत नाही. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. मुळात शिरून तिथेच मुक्काम ठोकतात, आणि मूळ पाणी वर पोचवण्याऐवजी त्यांना पोसण्यात गुंतते. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी केलेल्या जखमा मरीच्या जिवाणूला आयत्या मिळतात. तुमच्या सहाव्या कुंडीत ही दोन्ही संकटे एकत्र होती, म्हणून रोप एवढ्या झटपट गेले असावे.

काही बियाण्यांच्या पाकिटांवर रोगांसाठी इंग्रजी अक्षरांच्या खुणा असतात आणि त्यांत सूत्रकृमीला प्रतिकारक असल्याचीही एक खूण असते. ती पाहून निर्धास्त होऊ नये. टोमॅटोत ही प्रतिकारशक्ती एका रानटी जातीतून आणलेल्या जनुकामुळे येते आणि मातीचे तापमान साधारण २८ अंशांच्या वर गेले की ती ढिली पडते. पश्चिमेच्या गॅलरीतली प्लॅस्टिकची कुंडी ऑक्टोबरमध्ये दुपारभर त्याहून गरमच असणार. कुंडीच्या कोपऱ्यात झेंडूचे एक रोप लावून सूत्रकृमी पळतात हेही खरे नाही. झेंडूचा उपयोग होतो, पण तो संपूर्ण मातीत दाट लावून दोन-तीन महिने वाढवावा लागतो, आणि तेवढ्या काळात त्या मातीत टोमॅटो नसावा.

सहाव्या कुंडीतली माती मी तरी परत वापरणार नाही. एका कुंडीपुरत्या मातीचा मोह धरण्यात अर्थ नाही. पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, पण सोसायटीच्या बागेत ओतू नका, तिथे ती वर्षानुवर्षे राहील. इतर कुंड्यांची माती पुढच्या हंगामासाठी तापवून घ्यायची असेल तर एप्रिल-मे महिन्यांत ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत चपटी भरा, वरून दुसरे पारदर्शक प्लॅस्टिक थोडे अंतर ठेवून ताणा आणि कडक उन्हात ठेवा. मातीच्या मधोमध स्वयंपाकाचा तापमापक खुपसून पाहावा. ६० अंश तापमान सलग तासभर टिकले तर बहुतेक रोगकारक आणि सूत्रकृमी मरतात. काळे प्लॅस्टिक लोक सर्रास वापरतात, पण ते स्वतः तापते आणि मातीला ऊन लागू देत नाही. ट्रायकोडर्मा हे मित्रबुरशीचे मिश्रण माती थंड झाल्यावर, शेणखतात मिसळून घालावे. ते रोगाच्या बुरशीविरुद्ध उपयोगी आहे, आणि तेही आधी घातले तर. जिवाणूजन्य मरीवर ते औषध नाही.

खुरपी, कात्री आणि सुरी धुऊन स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. रोज छाटणी करताना डावीकडून उजवीकडे जाता की उजवीकडून डावीकडे, याचाही विचार करा. निरोगी कुंड्या आधी, संशयित शेवटी.

वाफसा :

चौथे रोप वाचेल असे मला वाटते. तपकिरी मुळे कात्रीने कापून टाका, तळाची भोके मोकळी करा, शक्य असेल तर तापल्या सळईने बाजूच्या भिंतीवर तळापासून अर्ध्या इंचावर आणखी चार भोके पाडा आणि मिश्रणात भाताची तुसे किंवा जाडसर वाळू मिसळून रोप परत बसवा. मुळे कमी झाली तेवढा वरचा भारही कमी करायला हवा, म्हणून खालची पिवळी पाने, बगलफुटी आणि निम्मी फळे काढून टाका; फळे काढताना जीव तुटतो, पण काढा. चार-पाच दिवस सावलीत ठेवा आणि काडी चार बोटे खोल कोरडी निघेपर्यंत पाणी देऊ नका. देठ वाकलेली जुनी पाने कदाचित तशीच राहतील. नवी पाने सरळ येत आहेत का एवढेच पाहायचे. टोमॅटोच्या खोडाला मातीच्या वरही मुळांचे टिंब फुटतात. ते दिसले तर बुंध्याशी ओंजळभर कोरडसर मिश्रण चढवा, तिथून नवी मुळे लवकर येतात.

खालच्यांच्या कपड्यांसाठी ताटली लागणारच, तर तिच्यात तीन विटांचे तुकडे ठेवून कुंडी त्यांवर उभी करा, आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ताटली जुन्या कापडाने टिपून घ्या. पाणी रोज मोजून एक मग, असे वेळापत्रक टोमॅटोला चालत नाही. ढगाळ दिवशी अर्ध्या मगाचीही गरज नसते आणि फळांनी लगडलेले मोठे रोप कडक उन्हात दीड-दोन लिटर सहज पिते.

तांबडीमाती :

तिसऱ्या कुंडीबद्दल मी मनातले सांगतो. तिची पाने सध्या तरी साचलेल्या पाण्यामुळेच वाकलेली दिसतात, मरीमुळे नव्हे, कारण मर असती तर पाते लुळे पडले असते. पण त्या जुन्या मातीचा संशय आहे आणि ओली माती जिवाणूला हवीच असते. ती कुंडी इतरांपासून दूर, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, तिच्या ताटलीतले पाणी चुकूनही दुसऱ्या कुंडीत ओतू नका आणि रोप उपटून मुळे पाहण्याचा मोह टाळा, कारण प्रत्येक तुटलेले मूळ ही नवी जखम असते. शेंडा एखाद्या सकाळी, ऊन चढण्याआधीच, लोंबलेला दिसला तर थांबू नका. कुंडीसकट बाजूला करा.

पुढच्या वेळी रोपे घेताना बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पाहा. पर्णगुच्छाचा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांना तो प्रतिकार करतो. त्याच संस्थेचे ‘अर्का आभा’ आणि ‘अर्का आलोक’ हे वाणही मरीला दाद देत नाहीत, आणि ते संकरित नसून सरळ वाण असल्यामुळे त्यांचे बी घरी धरता येते. वांग्याच्या खुंटावर कलम केलेला टोमॅटोही आता मिळू लागला आहे. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने अशा कलमांसाठी वांग्याचे ‘ईजी २०३’ सारखे खुंट सुचवले, ते मर आणि साचलेले पाणी दोन्ही सोसतात म्हणून. मात्र कलम लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. टोमॅटो खोलवर लावायची आपल्याला सवय असते. जोड मातीत गेला की वरच्या टोमॅटोला स्वतःची मुळे फुटतात आणि खुंटाचा खर्च फुकट जातो.

पश्चिमगॅलरी :

आठ दिवसांनी लिहिते आहे. पहिली दोन रोपे उत्तम आहेत. शेजाऱ्यांशी बोलून त्यांच्या पेटीसमोर एक तिरका पत्रा लावून घेतला, त्यामुळे झोत वर जातो. चौथ्याला दोन नवी पाने आली असून दोन्ही सरळ आहेत. सहा फळे खुडली, त्यांची संख्या सासऱ्यांनी दिवाळीपर्यंत तरी ऐकवली असती, म्हणून त्यांनाच खुडायला लावली. सहावी माती बांधून दिली. कंपोस्टच्या ड्रमवर पांढऱ्या रंगाने ‘फक्त शोभेच्या झाडांसाठी’ असे लिहिले आहे.

तिसरी कुंडी पलीकडच्या टोकाला एकटी आहे. रोज सकाळी सातच्या आत, ऊन येण्यापूर्वी, तिचा शेंडा पाहते. आजपर्यंत तो वर आहे.